इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे रिव्ह्यू नेटवर शोधायचे कसे: सांगलीकर नवख्यांसाठी

दसरा आला, पाडवा आला किंवा कारखान्याचं उसाचं बिल खात्यावर पडलं, की हरभट रोडपासून विश्रामबागपर्यंतच्या दुकानांत गर्दी होते. हल्ली गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधीच मोबाइलवर ‘बेस्ट टीव्ही’ किंवा ‘बेस्ट फ्रिज’ टाकून आलेलं असतं. ‘नेटवर हाच चांगला म्हणालेत,’ असं ते सांगतं. पण म्हणालेत कोण, कुठल्या मॉडेलबद्दल आणि किती दिवस वापरून, हे विचारलं की गाडी अडते.

गूगलसारख्या शोधयंत्राला ‘बेस्ट’ कळत नाही. ते त्या शब्दांशी जुळणारी पानं दाखवतं, आणि ‘बेस्ट’ हा शब्द पानावर घालणं सगळ्यात सोपं. अशा बऱ्याचशा याद्या वस्तूला हातही न लावता, कंपनीच्या माहितीपत्रकावरून लिहिलेल्या असतात. खाली दुकानाची लिंक असते आणि तिच्यावरून तुम्ही खरेदी केली की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. कमिशन घेण्यात काही वावगं नाही, पण दहा वस्तूंची यादी आणि दहाही ‘उत्तम’ असं दिसलं तर ते पान बंद करा. रिव्ह्यू शोधायचा तो आपल्याला हव्या त्या एका नेमक्या वस्तूचा, आणि आपल्या घरात ती कशी चालेल या प्रश्नासाठी. त्यासाठीच्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

पायरी १ : आधी घर बघा, मग नेट

कागद घ्या आणि वस्तू जिथे राहणार ती जागा लिहून काढा. व्होल्टेज वरखाली होतं का? विशेषतः मळ्यातल्या वस्तीवर, जिथे रात्री मोटारी सुरू झाल्या की दिवे मंदावतात. पाणी नळाचं की बोअरचं? टीव्हीसमोर पश्चिमेची खिडकी आहे का? उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची स्लॅब रात्री किती वाजता निवते?

हेच तुमचे शोधाचे शब्द. वॉशिंग मशीनच्या मॉडेलपुढे ‘हार्ड वॉटर’ जोडलं की बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांचे अनुभव वर येतात. इन्व्हर्टर एसीपुढे ‘पीसीबी’ जोडलं की बोर्ड उडाल्याच्या तक्रारी सापडतात. फोनपुढे ‘ग्रीन लाइन’ जोडलं की स्क्रीनवर हिरवी रेघ आलेल्यांच्या कहाण्या दिसतात. टीव्हीपुढे ‘रिफ्लेक्शन’ किंवा ‘ब्राइट रूम’ टाका. मराठीत टाइप करायला हरकत नाही, पण या विषयावर मराठीत मजकूर कमी आहे. दोन-चार इंग्रजी शब्द टाकून शोधा आणि आलेलं पान क्रोममध्ये मराठीत भाषांतर करून वाचा. भाषांतर ओबडधोबड असतं, पण काम भागतं.

एक प्रश्न पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूत कधीच येत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलेल्या भागात राहत असाल, तर वस्तूचं वजन बघा. फ्रंट लोड मशीनमध्ये कंप थांबवण्यासाठी जड वजनं बसवलेली असतात, त्यामुळे पूर्ण आकाराचं मशीन साठ किलोच्या पुढे सहज जातं. दोन टबांचं साधं सेमी ऑटोमॅटिक त्याच्या निम्म्याहूनही हलकं. पाणी वाढतंय म्हणून निरोप आला की दोघांना जिन्यावरून काय नेता येईल, याचं उत्तर माहितीपत्रकातल्या ‘नेट वेट’ या ओळीत असतं. पुराच्या पाण्याने खराब झालेली वस्तू वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी घराचा विमा वेगळा लागतो.

पायरी २ : मॉडेल नंबर, पूर्ण

सगळ्या लेखातली ही एकच पायरी केलीत तरी पुष्कळ.

दुकानदार ‘सॅमसंगचा पंचावन्न इंची’ किंवा ‘एलजीचा डबल डोअर’ म्हणतो. एवढ्यावर शोधलं तर त्या कंपनीच्या डझनभर वस्तूंचे रिव्ह्यू एकमेकांत मिसळून समोर येतात. टीव्हीच्या मागे, फ्रिजच्या आतल्या बाजूला, वॉशिंग मशीनच्या दाराजवळ किंवा मागे आणि लॅपटॉपच्या तळाला स्टिकर असतो. त्यावरचा अक्षरं-आकड्यांचा लांबलचक नंबर म्हणजे मॉडेल नंबर. त्याचा फोटो काढा. टाइप करायचा कंटाळा असेल तर गूगल लेन्स उघडून फोटोतली अक्षरं तशीच कॉपी करता येतात.

हा नंबर बोलका असतो. सॅमसंगच्या टीव्हीच्या नंबरात सुरुवातीला ‘यूए’ किंवा ‘क्यूए’ असेल तर तो आशियातला, ‘यूएन’ किंवा ‘क्यूएन’ असेल तर अमेरिकेतला, ‘यूई’ किंवा ‘क्यूई’ असेल तर युरोपातला. त्यापुढचा आकडा इंचांचा. एलजीच्या ओलेड टीव्हीत ‘सी३’ म्हणजे २०२३ ची मालिका आणि ‘सी४’ म्हणजे २०२४ ची. दुकानात ‘नवीनच आलाय’ म्हणून दाखवलेला टीव्ही खरंच कुठल्या सालचा आहे, ते इथेच कळतं. जुन्या सालचा म्हणून तो वाईट ठरत नाही. उलट तो पुरेसा स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्या, कारण त्याचे वर्षभराचे अनुभव आयते सापडतात.

देश बदलला की आतली वस्तूही बदलू शकते. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ घ्या. अमेरिकेत विकलेल्या फोनमध्ये स्नॅपड्रॅगन चिप होती, भारतात सुरुवातीला विकलेल्यात एक्झिनॉस. नाव एक, डबा एक, पण अमेरिकन यूट्यूबरने मोजलेली बॅटरी आणि गरम होण्याचे आकडे आपल्या फोनला लागू नाहीत. म्हणून परदेशी रिव्ह्यू वाचताना पहिल्या परिच्छेदात मॉडेल नंबर शोधा आणि आपल्या फोटोतल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडा. शेवटची दोन-चार अक्षरं बहुधा रंग किंवा देश सांगतात. फरक तेवढाच असेल, तर तो कशाचा आहे ते कंपनीच्या भारतीय वेबसाइटवर बघून घ्या.

फक्त ऑनलाइन सेलसाठी काढलेली मॉडेलंही असतात. मॉडेल नंबर टाकून त्या एका विक्री साइटशिवाय कुठेच काही सापडत नसेल, तर सावध व्हा.

पायरी ३ : कुठे शोधायचं

रिव्ह्यू शोधायच्या जागांचे ढोबळ तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

पहिल्या प्रकारात मोजणारे येतात. आरटिंग्ज ही कॅनडातली साइट टीव्ही, मॉनिटर, हेडफोन अशा वस्तू स्वतः विकत घेऊन प्रयोगशाळेत मोजते. त्यांनी १०० टीव्ही महिनोन्‌महिने चालू ठेवून कुठला भाग आधी निकामी होतो ते पाहिलं. लॅपटॉपसाठी नोटबुकचेक आहे. तिथे स्क्रीनचा उजेड, पंख्याचा आवाज, तळाचं तापमान हे सगळं आकड्यांत मिळतं. वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजला जाणाऱ्या पोराला लॅपटॉप घेताना तापमानाचा तक्ता मुद्दाम उघडून बघा. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या खोलीत तो आणखी वर जाणार. फोनसाठी जीएसएमअरीना सन २००० पासून चालू आहे. तिथे दोन-तीन फोन शेजारी ठेवून ताडता येतात, आणि बजेट, बॅटरी, स्क्रीन अशा चाळण्या लावून फोन शोधायची सोय आहे.

अमेरिकेची कन्झ्युमर रिपोर्ट्स (१९३६ पासून) आणि ब्रिटनची विच (१९५७ पासून) या सभासदांच्या पैशांवर चालणाऱ्या संस्था आहेत. पूर्ण निकालाला वर्गणी लागते आणि त्यांची मॉडेलं बहुतेक आपल्याकडे मिळत नाहीत. आपल्या देशात दिल्लीची कन्झ्युमर व्हॉइस ही संस्था वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्या करत आली आहे. तिच्याकडे आपल्या वस्तूची चाचणी झाली आहे का, ते एकदा पाहावं.

दुसऱ्या प्रकारात ताडून दाखवणारे येतात. ९१मोबाइल्स आणि स्मार्टप्रिक्स या भारतीय साइटवर किंमत, रॅम, बॅटरी यांचे तक्ते मिळतात. किंमत कुठे किती आहे हे बघायला त्या उत्तम, पण तिथला ‘स्कोअर’ बराचसा कागदावरच्या माहितीचा असतो. त्याला रिव्ह्यू समजू नका.

तिसऱ्या प्रकारात वापरणारे येतात. विक्री साइटवरचे खरेदीदार, रेडिट या चर्चेच्या साइटवरची मंडळी, यूट्यूब. यांच्याबद्दल पुढे सविस्तर.

चॅटबॉटला विचारलं तर चालतं का? चालतं, पण तो दोन मॉडेलांची माहिती एकत्र करून ठामपणे सांगतो. त्याच्याकडून नावं आणि लिंक घ्या, लिंक उघडून स्वतः वाचा. लिंक उघडतच नसेल तर ते उत्तर सोडून द्या.

पायरी ४ : शोधपट्टीत काय टाकायचं

मॉडेल नंबर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे गूगल तेवढाच नंबर शोधतं, ‘जवळपासचा’ देत नाही. त्यापुढे ‘प्रॉब्लेम’, ‘आफ्टर वन इयर’ किंवा पहिल्या पायरीतला तुमचा शब्द जोडा. निकालात विक्रीचीच पानं येत असतील तर त्या साइटच्या नावाआधी वजा चिन्ह लावा, मध्ये जागा सोडू नका. एकाच साइटच्या आत शोधायचं असेल तर इंग्रजीत ‘साइट’, त्याला चिकटून अपूर्णविराम (:) आणि पुढे साइटचा पत्ता असं लिहा. रेडिटवरच्या चर्चा अशा पटकन सापडतात. तिथे भारतातले गॅजेटवाले भरपूर आहेत आणि बोलतात रोखठोक. कधी कधी उगाच भांडतात, तेवढं गाळून वाचायचं.

तारीख फार महत्त्वाची. वस्तू बाजारात आली त्याच दिवशी आलेले रिव्ह्यू बहुतेक कंपनीने आधी पाठवलेल्या नमुन्यावर, आठ-दहा दिवसांच्या वापरावर लिहिलेले असतात. ते खोटे नसतात, पण बैल बाजारात फिरवून बघितलेला असतो, नांगराला जुंपलेला नसतो. संगणकावर गूगलच्या ‘टूल्स’मध्ये जाऊन काळ निवडता येतो. वस्तू आल्यानंतर सहा महिने सोडून पुढचे निकाल मागवा. अपडेटनंतर बॅटरी उतरली, रिमोट दाबल्यावर टीव्ही उशिरा जागा होतो, दाराचं रबर (गॅस्केट) सैल पडलं, अशा गोष्टी तेव्हा कळतात.

जुना रिव्ह्यू होता पण साइटच बंद पडली, असंही होतं. संगणकाच्या भागांसाठी नावाजलेली आनंदटेक ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाली. अशा बंद पडलेल्या पानांचा पत्ता वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या साइटवर टाकला तर पुष्कळदा जपून ठेवलेली प्रत मिळते.

पायरी ५ : ताऱ्यांना भुलू नका, ओळी वाचा

विक्री साइटवर ४.३ तारे म्हणजे काय? तसं म्हटलं तर फारसं काही नाही. खोक्यात ‘पाच तारे द्या, फोटो पाठवा, कॅशबॅक घ्या’ अशी चिठ्ठी निघते, हे अनेकांनी पाहिलं असेल. त्यामुळे सरासरी फुगते. दुसऱ्या टोकाला एक ताऱ्याचे बरेच रिव्ह्यू ‘डिलिव्हरीवाला उशिरा आला’ असल्या कारणांचे असतात, त्यांचा वस्तूशी संबंध नाही.

म्हणून दोन, तीन आणि चार ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी वाचा. ज्याला वस्तू आवडली पण काहीतरी खटकलं, तो माणूस नेमकं बोलतो. ‘सर्वात अलीकडचे’ असा क्रम लावा. ॲमेझॉनवर ‘व्हेरिफाइड पर्चेस’ आणि फ्लिपकार्टवर ‘सर्टिफाइड बायर’ अशी खूण असते. ती त्या साइटवरून खरेदी झाल्याची खूण आहे, प्रामाणिकपणाची नव्हे. ॲमेझॉनचा ‘व्हाइन’ हा शिक्का असेल तर त्या माणसाला वस्तू फुकट मिळालेली असते.

आणखी एक गंमत असते. ३२ इंची, ४३ इंची आणि ५५ इंची टीव्ही एकाच पानावर असतील तर तिन्हींचे रिव्ह्यू एकत्र दिसतात. प्रत्येक रिव्ह्यूवर बारीक अक्षरात आकार किंवा रंग लिहिलेला असतो, तो बघा. इअरफोनच्या पानावर कुणी ‘कव्हर मस्त बसलं’ लिहिलं असेल, तर जुन्या दुसऱ्याच वस्तूचं पान नव्या वस्तूला जोडून तारे उसने घेतलेले आहेत. त्या विक्रेत्याकडून काहीच घेऊ नका.

जुन्या लेखांत खोटे रिव्ह्यू ओळखायला ‘फेकस्पॉट’ वापरा असा सल्ला मिळेल. ती सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि छापावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक आहे. तेव्हा चाळणी आपल्यालाच लावायची.

पायरी ६ : यूट्यूब

इथे दोनच गोष्टी बघा. व्हिडिओच्या सुरुवातीला ‘इन्क्लूड्स पेड प्रमोशन’ अशी पट्टी येते का, आणि खालच्या वर्णनात खरेदीच्या लिंक किती आहेत. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढलेल्या नियमांनुसार कंपनीकडून पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर ते स्पष्ट सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरी पट्टी लावायची ती बनवणाऱ्यानेच, हे विसरू नका. ज्याच्या चॅनलवर एकही वस्तू नापसंत झालेली नाही, त्याचं ऐकून पैसे घालू नका.

मराठीत बोलणारे चांगले लोक आहेत. गावच्या दुरुस्तीवाल्यांचे व्हिडिओ तर मला सगळ्यात उपयोगी वाटतात. मॉडेल नंबर आणि ‘रिपेअर’ टाकून बघा. मशीन उघडून आतला भाग दाखवणारा माणूस शोरूममधल्या झगमगाटापेक्षा जास्त शिकवून जातो.

पायरी ७ : एसी-फ्रिजचा सरकारी आकडा

ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ताऱ्यांचं लेबल कुठल्याही रिव्ह्यूआधी बघा. ब्यूरोच्या वेबसाइटवर आणि मोबाइल ॲपवर मॉडेल नंबरवरून शोधता येतं. ताऱ्यांपेक्षा लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा आणि लेबलची मुदत वाचा, कारण निकष मधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले तेव्हा आधीचा पाच तारी एसी चार ताऱ्यांवर आला.

एसीचा आकडा वर्षाला १६०० तास धरून काढतात. आपल्याकडे मार्चअखेर ते जूनपर्यंत, रोज रात्री आठ तास, असे शंभर दिवस धरले तर ८०० तास होतात, म्हणजे निम्मे. लेबलवर ७५० युनिट असतील तर तुमचे साधारण ३७५. तीन आणि पाच तारी एसींच्या युनिटांतला फरक असाच निम्मा करा, महावितरणच्या बिलावरच्या तुमच्या शेवटच्या टप्प्यातल्या दराने गुणा आणि किमतीतल्या फरकाशी ताडा. कधी तीन तारीच परवडतो. हा हिशेब कुठलाही यूट्यूबर तुमच्यासाठी करत नाही.

पायरी ८ : सर्व्हिस सेंटरचाही रिव्ह्यू असतो

वस्तू कितीही नावाजलेली असो, बिघडली तर नीट करणारा सांगलीत आहे की कोल्हापूरला न्यावी लागेल, हे आधी पाहा. कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर शोधता येतं. सांगलीचा ४१६४१६, मिरजेचा ४१६४१०. मिळालेलं सेंटर गूगल मॅप्सवर उघडा आणि तिथले रिव्ह्यू ‘नवीनतम’ क्रमाने वाचा. ‘पार्ट यायला दीड महिना’ असं वेगवेगळ्या माणसांनी लिहिलं असेल, तर तो कुठल्याही प्रयोगशाळेच्या आकड्याइतकाच मोलाचा रिव्ह्यू आहे. शंका असेल तर सेंटरला फोन करून सरळ विचारा की या मॉडेलचा पॅनेल किंवा कॉम्प्रेसर किती दिवसांत मिळतो. मळ्यातल्या वस्तीवर माणूस येतो का, तेही विचारा.

कस्टमर केअरचा नंबर मात्र गूगलवर शोधू नका. खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात आणि फोन उचलणारा एखादं ॲप टाकायला सांगतो किंवा ‘दहा रुपये भरा’ म्हणतो. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. पैसे गेलेच तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

पायरी ९ : खोकं घरी आल्यावर

सील फोडण्यापासून व्हिडिओ काढा. खोक्यावरचा, वस्तूवरचा आणि बिलावरचा मॉडेल नंबर तुम्ही रिव्ह्यू वाचलेल्या नंबराशी जुळवा. एक अक्षर वेगळं निघालं तर तिथेच थांबा, वापर सुरू करू नका. ऑनलाइन घेतलं असेल तर वस्तू परत घेणार की फक्त बदलून देणार आणि किती दिवसांत, हे खरेदीआधीच वाचून ठेवलेलं बरं.

फोन असेल, विशेषतः जुना, तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा. इंग्रजीत ‘केवायएम’, मग जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवा. संचार साथी या सरकारी वेबसाइटवरही हे तपासता येतं. फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. विकणारा गल्लीतला ओळखीचा असला तरी हे करा.

कबूल केलेली वस्तू एक आणि आली दुसरीच, विक्रेता दाद देत नाही, असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यासाठी बिल, खोक्याचा फोटो आणि तो व्हिडिओ हाताशी ठेवा. आणि दुकानातून घेतली असेल तर वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच उभं राहून मारून घ्या. ‘नंतर या, शिक्का देतो’ हे ऐकून बाहेर पडू नका.